सतरा नंबरचं उत्तर

१

‘पूल आणि बोगदे ही मानवी संस्कृतीची दोन फुप्फुसे होत,’ असं उपअभियंता सबनीस यांनी आपल्या नियोजित पुस्तिकेच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं होतं. सन सहासष्टच्या श्रावणात, एका शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, त्यांपैकी भाज्याच्या अलीकडचं फुप्फुस ओढ्यात बसलं.

अगदी सगळं नव्हे. पूल उभा राहिला. पुलाच्या शाळेकडच्या अंगाला मातीचा भराव धरून ठेवणारी लांब दगडी भिंत होती, खात्याच्या भाषेत पंखभिंत. तिचा बराचसा भाग पोट पुढे काढून निवांत आडवा झाला. माणूस एकही मेला नाही, त्यामुळे खात्याला चौकशीची घाई नव्हती. घाई निराळीच होती. रविवारी उपमंत्री लोणावळ्याला पाऊस बघायला येणार होते, आणि येतोच आहोत तर पुलाचं उद्घाटनही उरकून टाकू, असं त्यांनी कळवलं होतं.

लीलाबाई ओव्हाळ तेव्हा चौथीला भूगोल शिकवत होत्या. एकशिक्षकी शाळेच्या त्याच मुख्याध्यापिका आणि त्याच शिपाई. आवाज झाला तशी पोरं पळाली, पोरांमागे गाव पळालं आणि गावामागे छत्री उघडत बाई गेल्या. चार दिवस पाऊस ओतत होता. डोक्यावर इरली, खांद्यावर घोंगड्या असा सगळा गाव ओढ्याकाठी उभा राहून भिंतीकडे बघत होता. काहींच्या चेहऱ्यावर दुःख होतं. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगा, करमणूक होती.

तासाभरात जीप आली. सबनीससाहेब काळी लांब छत्री टेकत उतरले. त्यांनी भिंत बघितली. मग पडलेल्या दगडांमध्ये दिसणाऱ्या ताज्या सिमेंटच्या एका गोल ठिपक्याकडे बघितलं. तिथं त्यांची नजर जरा जास्तच वेळ राहिली. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

“घातपात,” ते म्हणाले.

हा शब्द गावाला नवा होता, पण आवडला.

“साहेब,” कंत्राटदार निवृत्तीशेठ रेनकोटाची टोपी सावरत पुढे आले, “काल संध्याकाळी ठाकरवाडीचा कान्हू हितंच पहार घेऊन भिंतीला टोचत व्हता. मी सोता हाकलला त्याला.”

हवालदार श्रीपती जगदाळे यांना आयुष्यात इतकं सोपं प्रकरण मिळालं नव्हतं. त्यांनी कान्हूला गर्दीतूनच उचललं, कारण तोही भिंत बघायलाच आला होता. पहार जप्त झाली. तिला चिंधी गुंडाळून लाखेचा शिक्का मारण्यात आला.

“पंचनामा होऊ द्या. मी तोवर शाळेत थांबतो, पाऊस फार आहे,” साहेब म्हणाले आणि गेले.

लीलाबाईंना तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. गेल्या वर्षभरात साहेब शाळेत अकरा वेळा आले होते आणि अकराही वेळा ओसरीवरच उभे राहिले होते. बाईंच्या माठातलं पाणी त्यांना कधी लागलं नव्हतं. तहान लागली की ते घड्याळ बघत.

२

शनिवारी सकाळी कान्हूची बायको हिरी शाळेच्या पायरीशी येऊन बसली. आत ये म्हटलं तरी येईना.

“बाई, उद्या मंत्री गेला की त्याला वडगावला नेनार. हवालदार म्हनला, दोन वर्सं तरी बसंल.”

“त्यानं काय सांगितलं?”

“त्यो म्हनतो, मी भिंत पाडाया न्हाई, वाचवाया गेलतो. कुनी ऐकतंय व्हय? ठाकराच्या हातात पहार म्हंजी चोरीच.” हिरीनं पदरानं नाक पुसलं. “तुमाला तर ठावंच हाय. सतरा नंबरचा सवाल त्याचाच व्हता की. तुमाला इचारायला आलता तवा तुमी त्याला म्हनला, शासनाचं हाय, कान्हू.”

बाईंना आठवलं. आणि आठवलं नसतं तर बरं, असंही वाटलं.

आषाढात सबनीससाहेबांना जनजागृतीची लहर आली होती. पूल आणि बोगदे यांविषयी जनतेच्या शंका मागवायच्या, त्यांना उत्तरं द्यायची आणि त्याची पुस्तिका काढायची. शाळेत एक पेटी ठेवली. गावातल्या ज्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणजे बहुतेकांना, त्यांनी शंका तोंडी सांगितल्या आणि त्या बाईंनी लिहून घेतल्या. बावीस शंका जमल्या. पंधरा दिवसांनी खात्याकडून फाईल आली: प्रत्येक शंकेखाली टंकलिखित उत्तर, प्रत्येक पानावर साहेबांची झोकदार सही. बाईंनी ती चावडीवर वाचून दाखवली, फळ्यावर लिहिली आणि कपाटात ठेवली.

कान्हूची शंका होती: ‘भिंतीला भोकं ठेवली आहेत त्यातून पाणी गळतं, ती तशीच ठेवायची ना?’

आणि उत्तर होतं: ‘सर्व छिद्रे दगड व सिमेंट घालून तात्काळ बुजविण्यात यावीत. दिरंगाई करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’

दुसऱ्या दिवशी कान्हू आला होता. “बाई, हे उलटं हाय. मी घाटात बोगद्यात गँगला सात वर्सं काडली. थितं भिंत सारकी रडायची. आमचा मुकादम म्हनायचा, रडू द्या तिला, गप केली तर अंगावर येईल.” आणि बाईंनी, सातवी फायनल नि ट्रेनिंग कॉलेज झालेल्या बाईंनी, त्याला ते वाक्य ऐकवलं होतं.

आता निदान फाईल दाखवून तरी सांगता येईल, की हा माणूस भिंतीचा शत्रू नव्हता. बाई उठल्या. कपाट शासनानं दिलेलं होतं, त्याचं कुलूप मंजूर व्हायचं होतं, म्हणून दोरी बांधलेली असे. दोरी सुटलेली होती.

कपाटात नकाशे होते, खडू होते, देवीच्या लशीची पत्रकं होती. फाईल नव्हती.

बाई खाली बघत राहिल्या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर, कपाटाच्या अगदी पायाशी, एक काळपट ओला डाग होता. पावलीएवढा. आणि त्याच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढं खोल भोक.

“हिरी,” त्या म्हणाल्या, “आज सारवायला पोरींना नको म्हणून सांग.”

३

चावडीत कान्हू भिंतीला टेकून बसला होता आणि हवालदार त्याच्याकडून तंबाखू मागून घेत होते.

“पहार घेऊन नेमकं काय केलंस?” बाईंनी विचारलं.

“भोकं उगडत व्हतो. दिवसभर बघत व्हतो, भिंतीचं पोट फुगाया लागल्यालं. निवृत्तीशेठला म्हनलं, तर म्हनला, तू इंजिनेर हायेस का? मंग सांजच्याला गेलो. सा भोकं हायेत. दोन फोडली, कडंची. तिसऱ्याला हात घातला तवर शेठ आलं नि शिव्या घातल्या.”

“त्या दोन भोकांतून पाणी आलं?”

“आलं? पिचकारी उडली, बाई. माझं त्वांड धुतलं!”

“गुन्ह्याची कबुली,” हवालदार म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली. “दोन भोकं पाडली म्हणतोय स्वतःच.”

“हवालदार, भिंतीचा कुठला भाग उभा आहे, बघितलात का?”

“पडलेला बघितला. उभ्याचा पंचनामा करत नसतात.”

बाई ओढ्यावर गेल्या. भिंतीचा कडेचा, साधारण पाव भाग उभा होता. त्यात दोन भोकं होती, नुकती फोडलेली, आणि त्यांतून पाणी संथपणे गळत होतं, जसं एखादं माणूस मोकळं रडून झाल्यावर मुसमुसत राहतं. पडलेल्या भागात चार सिमेंटचे ठिपके होते. ठिपके शाबूत होते. चांगलं काम होतं. पुलावर कुठल्याही कामात इतकं सिमेंट त्यांनी बघितलं नव्हतं.

निवृत्तीशेठ दगडांवर ताडपत्री टाकून त्यावर फुलांच्या कुंड्या मांडून घेत होते.

“भोकं तुम्ही बुजवलीत?”

“मग! जातीनं उभं राहून. चार पोती घातली. पडलेलं काम माझं नव्हं, बुजवलेलं काम माझं. बघा, अजून हललंय का?”

“कुणी सांगितलं बुजवायला?”

शेठ हसले. “बाई, मी साहेबांच्या शब्दाबाहेर वीट हलवत नाही. त्यांनी एकदा लिहून दिलं, कारवाईची भाषा केली, की निवृत्तीनं प्रश्न विचारायचा नसतो. पुढच्या पुलाचं कामही मलाच मिळायचंय.”

“शुक्रवारी तुम्ही शाळेत आला होता?”

“कशाला? लहानपणी चार दिवस आलतो. पुरे झालं.”

बाईंनी त्यांच्या रेनकोटाकडे बघितलं, गमबुटांकडे बघितलं. माणूस निर्बुद्ध होता, पण प्रामाणिकपणे निर्बुद्ध होता.

पुलाखाली सरपंच दत्तोबांच्या पाच म्हशी पाण्यात बसल्या होत्या, कमानीतून जाणारा निम्मा ओढा अडवून. उद्या मंत्री येणार तरी त्यांना कोणी उठवत नव्हतं.

“दत्तोबा, म्हशी काढा की.”

“छा! कायद्यात बसत न्हाई.” दत्तोबांनी बोट वर केलं. “शासनानं लिवून दिलंय. म्हशी पाणी निघून जायला मुद्दाम ठेवल्या जातात, कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. तुमीच वाचलं न्हाई का चावडीवर?”

बाई थबकल्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी हे वाचलं होतं, खरं. सगळ्या गावानं ऐकलंही होतं. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शासनाचं उत्तर प्रश्नाला लागू पडलं नाही, यात नवल वाटण्यासारखं काय होतं?

आता मात्र बाईंना पहिल्यांदाच नवल वाटलं, आणि त्या जवळजवळ पळतच शाळेकडे निघाल्या.

४

फाईल गेली होती. पण बाईंची एक खोड होती. शासनाकडून जे काही नीटनेटकं टंकलिखित येई, ते त्या मुलांना शुद्धलेखनाला घालत. मराठी कसं असू नये हे मुलांना लवकर कळावं, असं त्या मनातल्या मनात म्हणत. शाळेत एकतीस वह्या होत्या आणि एकतिसांतही बावीस शंका आणि त्यांची उत्तरं वळणदार अक्षरात तीन तीनदा उतरवलेली होती. त्यासाठी घरोघरी रॉकेल जळलं होतं आणि घरोघरी बाईंना शिव्या बसल्या होत्या.

बाईंनी कान्हूच्या चिंगीची वही उघडली. पुसट होती, पण चूक एकही नव्हती.

शंका एक, सरूबाईची: ‘पूल उभा राहायला माणूस द्यावा लागतो म्हणतात, खरं का?’ उत्तर: ‘दोन्ही बाजूंनी काटेकोर मोजमाप घेतात. चूक दोन-तीन इंचांपेक्षा अधिक होत नाही.’ हे ऐकल्यापासून सरूबाईनं नातवाला पुलाकडे फिरकू दिलं नव्हतं.

शंका दोन: ‘बोगदा दोन्हीकडून खणत येतात, तर मधे गाठ नेमकी कशी पडते?’ उत्तर: ‘उन्हाळ्यात पूल फुगतो, त्याला जागा हवी म्हणून.’

शंका तीन: ‘पुलावर मधेमधे फट का ठेवली?’

बाई थांबल्या. मग पेन्सिल घेऊन त्यांनी पहिल्या उत्तरापासून दुसऱ्या शंकेपर्यंत एक तिरकी रेघ मारली. दुसऱ्या उत्तरापासून तिसऱ्या शंकेपर्यंत दुसरी. रेघा मारता मारता त्या सोळाव्यावर आल्या.

शंका सोळा: ‘पुलाखाली म्हशी बसवल्या तर चालेल का?’ उत्तर: ‘पाणी निघून जावे म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात. कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.’ रेघ सतराव्या शंकेवर गेली, कान्हूच्या भोकांवर.

शंका अठरा, पाटलांची: ‘भरावात घुशींनी बिळं केली आहेत, ती बुजवायची का?’ आणि त्याचं उत्तर, छिद्रं तात्काळ बुजवा, कारवाई करू, ते बसलं होतं एक घर वर. सतरा नंबरला.

बाईंनी शेवटचं पान उलटलं. बाविसावी शंका त्यांची स्वतःची होती: बोगद्यात गाडी शिरली की कानात दडे का बसतात? तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘उत्तर यथावकाश.’

प्रश्न बावीस आणि उत्तरं एकवीस. म्हणजे कोणीतरी एका प्रश्नाला उत्तरच दिलं नव्हतं, आणि तो प्रश्न वरचाच असणार.

आता चोर कोण, हे कपाटापाशी जाऊन पुन्हा बघायचीही गरज नव्हती. तरी बाई गेल्या. इरलं टेकवलं तर ओल रुंद पडते. घोंगडीची तर सगळीकडे पसरते. रेनकोटातून पाणी माणसाच्या सभोवार ठिबकतं. पावलीएवढा डाग आणि मधे टोकाचं भोक पाडून जाणाऱ्या वस्तू पंचक्रोशीत दोनच होत्या. त्यांपैकी एक शुक्रवारी बाईंच्या डोक्यावर होती, आणि त्या तेव्हा गावासोबत भिंत बघत होत्या.

५

रविवारी दहा वाजता साहेब शाळेच्या ओसरीवर उभे होते. आत आले नाहीत. मंत्र्यांची गाडी अकराला होती. छत्री काखेत, कातडी बॅग हातात. हवालदार कान्हूला घेऊन आले होते, कारण ‘आरोपी तत्परतेने पकडला’ हे मंत्र्यांना दाखवायचं होतं. साहेबांच्या मागे निवृत्तीशेठ होते. दाराआड हिरी उभी होती.

“साहेब, दोन मिनिटं,” लीलाबाई म्हणाल्या. “तुम्ही अंधश्रद्धेच्या विरुद्ध आहात ना?”

“अर्थात!”

“म्हणून सरूबाईची शंका खोडलीत.”

साहेबांनी घड्याळ बघितलं.

“उरलेल्या एकवीस शंकांना तुम्ही उत्तरं दिलीत. बरोबर दिलीत, एकही चुकीचं नाही. पण कारकुनानं बावीस प्रश्नांच्या कागदावर ती वरून खाली टाइप केली. खोडलेल्याला दुसऱ्याचं लागलं, दुसऱ्याला तिसऱ्याचं. आणि तुम्ही पानापानावर सही केलीत. न वाचता.”

“बाई, तुम्ही कोणाशी बोलता आहात?”

“न वाचता सही करणाऱ्याशी. न समजता वाचून दाखवणारी मी. न विचारता बुजवणारे हे शेठ. आणि ज्याला समजलं, तो हा, याच्या हातात बेडी.”

“पुरावा?” साहेबांचा आवाज हवालदाराला शोभेल इतका चढला. “फाईल कुठे आहे?”

“फाईल गेली हे मी कुणालाच सांगितलं नाही, साहेब. तुम्ही इतक्या खात्रीनं विचारता आहात म्हणून आपलं नवल वाटलं.” बाईंनी एकतीस वह्यांचा गठ्ठा ओसरीच्या कठड्यावर ठेवला. “गावातल्या कोणी ती चोरली नसती. गावाला ठाऊक आहे, ते सगळं पोरांनी तीन तीनदा लिहून काढलंय. एक फाईल नेली की प्रकरण मिटलं असं वाटायला, माणूस या शाळेच्या उंबऱ्याच्या आत कधी न आलेला असावा लागतो. आणि नेमका एकदाच आलेला. त्याच्या छत्रीचं भोक आत आहे. बघायचं तर आत यावं लागेल.”

साहेब आत आले नाहीत.

“हवालदार,” बाई म्हणाल्या, “कान्हूनं दोन भोकं उघडली ती भिंत उभी आहे. शेठनी बुजवलेली चार पडली. आता उभ्याचाही पंचनामा करा. आणि साहेबांच्या बॅगेत बघा.”

“बॅगेत कशाला असेल? जाळली नसेल का?” हवालदार म्हणाले.

“या ओलीत, साहेब उतरलेत त्या लोणावळ्याच्या डाकबंगल्यात काडी तरी पेटलीय का?”

मग साहेबांनी बॅग उघडली. “हां,” ते म्हणाले, “ही बघा. सुरक्षिततेसाठी घेऊन गेलो होतो. कपाटाला कुलूप नाही तुमच्या. अत्यंत बेजबाबदारपणा!”

फाईल बाहेर आली. सगळ्यात खाली बाईंनी पाठवलेली मूळ यादी जोडलेली होती, त्यांनी पुन्हा कधी न उलटलेली; तिच्यात सरूबाईच्या प्रश्नावर लाल शाईची तिरकी रेघ होती आणि शेजारी छोटी सही. तीच सही, तितकीच झोकदार.

त्यानंतर जे घडलं त्याला चौकशी म्हणतात. ती सात मिनिटं चालली. भिंत अतिवृष्टीनं पडली असं ठरलं. पाऊस हजर नसल्यानं त्याचं म्हणणं घेतलं गेलं नाही. निवृत्तीशेठना भिंत पुन्हा बांधायचं काम मिळालं, भोकांसकट. कारकुनाची बदली झाली, आणि फाईल कायमची बाईंच्या कपाटात राहील, असं साहेबांनी स्वतःहून, घड्याळ बघत कबूल केलं. कान्हूची बेडी निघाली. हिरी दाराआडून बाहेर आली ती सरळ त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

उपमंत्री साडेबाराला आले. पलीकडच्या बाजूनं फीत कापली. ताडपत्रीवरच्या कुंड्या बघून त्यांनी, “हे नवीन पद्धतीचं डिझाइन का?” असं विचारलं. साहेब “होय” म्हणाले. मंत्र्यांना कौतुक वाटलं. मग त्यांना कान्हू दिसला.

“हा कोण?”

“याच्या सूचनेवरून भिंतीचा काही भाग वाचला, साहेब,” सबनीस म्हणाले. ते एका श्वासात म्हणून टाकल्यामुळे त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

“वा! लोकसहभाग म्हणतात तो हाच.” उपमंत्र्यांनी कान्हूच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला. “बोल बाबा, काय हवं तुला? संकोच करू नकोस. शासन तुझं आहे.”

लीलाबाई मनात यादी करू लागल्या. जमीन मागेल, नोकरी मागेल, वाडीला रस्ता मागेल. आज जे मागेल ते मिळणार होतं.

कान्हूनं हवालदाराच्या काखेतल्या, चिंधी गुंडाळलेल्या लांबट मुद्देमालाकडे बघितलं.

“साहेब, ती पहार तेवडी द्यायला सांगा,” तो म्हणाला. “वाडीतल्या बाया म्हातारीची मागून आनल्याली हाय. तिच्या शेताचा बांध फुटलाय, दोन दिस झालं ती शिव्या घालतीया.”